नाव एक, स्पेलिंग चार : विमानतळाच्या काउंटरवर आपली माणसे का अडतात?

नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीकडून एक सूचना आली आणि मुंबईपासून केरळपर्यंत ट्रॅव्हल एजंटांची धावपळ उडाली. ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, म्हणजे नाव आणि आडनाव या दोन रकान्यांपैकी एक रिकामा आहे, अशा प्रवाशाला भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही, असे त्यात होते. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेसने तसे परिपत्रक काढले आणि 21 नोव्हेंबरपासून नियम लागू झाल्याचे कळवले. पुढे खुलासा आला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर ते धरले जाईल, असे त्यात सांगितले. आपल्या पासपोर्टवर शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे असतातच, त्यामुळे बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला.

बातमी तिथे संपली. प्रश्न मात्र तसाच राहिला. रिकामा रकाना अजूनही रिकामाच आहे आणि दुसऱ्या देशाला, दुसऱ्या विमान कंपनीला तो पुन्हा खुपू शकतो. यात अडकतात ते कोण? कंपनीच्या खर्चाने फिरणारे साहेब नव्हेत. दुबईला मुलीच्या बाळंतपणाला निघालेली अम्मी, पहिल्यांदा नोकरीला निघालेला पोरगा, आयुष्यभर पैसे साठवून उमराहला निघालेले जोडपे. पासपोर्ट जिच्या हातात आहे ती बाई तीच असते, फोटो तिचाच असतो, तरी काउंटरवरची मुलगी मान हलवते.

आम्हाला यात एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. तिकिटावरच्या नावाचा घोळ हा प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. दोन रकान्यांचा साचा एका प्रकारच्या नावांसाठी बनला, आपली नावे वेगळ्या रीतीने बनली, आणि या दोहोंमधल्या फरकाचा खर्च आज सगळा प्रवाशाच्या खिशातून जातो.

आधी आपली नावे बघू. कोकणी मुसलमानांचे त्यातल्या त्यात बरे आहे. काझी, मुकादम, परकार, खतीब, दलवाई, चौगुले अशी आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि ती नावाच्या शेवटी येतात. फॉर्मच्या साच्यात ती बसतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भाकडे गेलो की चित्र बदलते. तिथे शाळेच्या दाखल्यावर 'शेख इम्रान शेख रशीद' असे नाव असते. यात शेख पुढेही आहे आणि मधेही आहे. आता आडनाव कुठले? कोणी शेख आडनावात टाकून 'इम्रान' नावात घेतो, कोणी 'शेख इम्रान' हे नाव आणि 'शेख रशीद' हे आडनाव करतो, कोणी चारही शब्द नावाच्या रकान्यात भरून आडनाव कोरे सोडतो. एकाच घरातल्या तीन भावांचे पासपोर्ट तीन प्रकारचे निघाले तर त्यात नवल नाही.

बायकांच्या नावांची तर आणखीच गंमत. नसीम बी, शाहीन बेगम, रुखसाना बानो. बी, बेगम, बानो ही आदराने लागणारी पदे. पण फॉर्म भरणाऱ्याने ती आडनाव म्हणून लिहिली की ती आडनाव होतात. नवऱ्याचे आडनाव पठाण, मुलाचे पठाण आणि आईचे बेगम. व्हिसाच्या खिडकीवर 'हे कुटुंब आहे का?' असा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग स्पेलिंग. मराठीत शेख, उर्दूतही लिहायची रीत एकच. इंग्रजीत मात्र ए-आय घालून एक, ई-आय घालून दुसरा, शेवटचा एच गाळून तिसरा, नुसता ई ठेवून चौथा. मोहम्मदचे तर विचारूच नका. त्यात अर्धे लोक 'मोहम्मद' पूर्ण लिहितात आणि अर्धे एम-ओ-एच-डी किंवा एम-डी एवढ्यावर भागवतात. घरात सगळ्यांना माहीत असते की हे एकच नाव आहे. यंत्राला माहीत नसते.

हे यंत्र काय वाचते तेही समजून घ्यावे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेला तो नमुना आहे आणि जगभर तोच चालतो. प्रत्येक ओळीत 44 जागा. पहिल्या ओळीतल्या पहिल्या 5 जागा पासपोर्टचा प्रकार आणि देशाच्या खुणेसाठी जातात. उरतात 39. त्यात आधी आडनाव, मग दोन बाण, मग नाव, आणि प्रत्येक दोन शब्दांमध्ये एक बाण. काउंटरवर पासपोर्ट सरकवला की संगणक हीच ओळ वाचतो. यात ठिपका नाही, उद्गारचिन्ह नाही, उर्दूतला ऐन नाही की मराठीतली वेलांटी नाही. फक्त इंग्रजीची 26 अक्षरे. 24 नोव्हेंबर 2015 नंतर यंत्राला वाचता न येणारे हाताने लिहिलेले पासपोर्ट आंतरराष्ट्रीय प्रवासातून बाद झाले, तेव्हापासून तर या ओळीला पर्यायच राहिला नाही. आता चिप असलेले ई-पासपोर्ट मिळू लागले आहेत. चिप नवी असली तरी तिच्यात भरलेले नाव तेच जुने असते.

विमान कंपनी इतकी कडक का वागते, असा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. काही लोक लगेच धर्माकडे बोट दाखवतात. तसा अनुभव कोणाला आला नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण काउंटरवरच्या कडकपणाचे पहिले कारण पैशाचे आहे. ज्या प्रवाशाला समोरचा देश परत पाठवतो, त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते आणि वरून दंडही बसू शकतो. आपल्या देशातही 2000 च्या कायद्याने अपुऱ्या कागदपत्रांवर प्रवासी आणणाऱ्या कंपनीला 1 लाख रुपये दंडाची तरतूद होती. आता त्या कायद्याची जागा 2025 च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे. म्हणजे काउंटरवरची कर्मचारी तुमची ओळख तपासतेच, पण त्यासोबत कंपनीचा धोकाही मोजत असते. शंका आली की 'नाही' म्हणणे तिला स्वस्त पडते. 'हो' म्हणून चूक निघाली तर तिची नोकरी जाते, 'नाही' म्हणून चूक निघाली तर तुमचे तिकीट जाते.

दुसरे कारण माहितीच्या देवाणघेवाणीचे. विमान उडायच्या आधीच प्रवाशांची यादी पोहोचायच्या देशाकडे गेलेली असते. भारतानेही ऑगस्ट 2022 मध्ये सीमाशुल्क विभागामार्फत नियम काढून आंतरराष्ट्रीय विमानांच्या प्रवाशांची बुकिंगची माहिती उड्डाणाच्या 24 तास आधी मागायला सुरुवात केली. या याद्या संशयितांच्या याद्यांशी पडताळल्या जातात. इथे आपल्या नावांचा प्रश्न फार नाजूक होतो. कारण आपल्याकडे तीच ती नावे हजारो लोकांची असतात.

ऑगस्ट 2009 मध्ये शाहरुख खानला अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर थांबवून चौकशी केली गेली, ती बातमी सगळ्यांना आठवत असेल. 2012 आणि 2016 मध्येही तसेच घडले. ज्याला जग ओळखते त्याची ही गत, तर नुसत्या 'खान'चे काय, असे तेव्हा घरोघरी बोलले गेले. पण कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की हा त्रास फक्त मुसलमान नावाला झाला नाही. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही नावातल्या साम्यामुळे विमानतळावर वारंवार अडवले गेले आणि 2004 मध्ये त्यांनी ते सिनेटच्या समितीसमोर सांगितले. फरक इतकाच, की केनेडींना गृहसुरक्षा खात्याच्या प्रमुखांशी बोलता आले. आपल्या शेख इम्रानला कोणाशी बोलता येणार?

त्यानंतर अमेरिकेने 2009 पासून टप्प्याटप्प्याने विमान प्रवासासाठी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग ही माहिती सक्तीची केली. उद्देश सांगितला गेला तो असा, की नुसत्या नावावरून निरपराध माणूस अडकू नये. यादीतला 'मोहम्मद खान' आणि बुकिंगमधला 'मोहम्मद खान' यांना वेगळे करायला जन्मतारीख आणि मधले नाव लागते. म्हणून जे लोक म्हणतात की तिकिटावर नाव थोडक्यात लिहा, कशाला उगाच लांबण, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. ज्यांचे नाव सर्रास आढळते त्यांना पूर्ण नावाची गरज जास्त असते. वडिलांचे नाव पासपोर्टवर असेल तर ते तिकिटावरही येऊ द्यावे.

आता मुद्दा येतो चूक झाली तर दुरुस्ती कोण करणार याचा. आम्हाला सर्वात खटकते ते इथेच.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. तिच्यात आणि विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. तिकीट काढल्यापासून 24 तासांच्या आत नावातली चूक प्रवाशाने दाखवून दिली, तर त्याच व्यक्तीचे नाव दुरुस्त करायला कंपनीने जादा पैसे घ्यायचे नाहीत. पण सोबत एक अट आहे. तिकीट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेले हवे.

आपल्यातले किती लोक थेट वेबसाइटवरून तिकीट काढतात? उमराहचे पॅकेज टूरवाल्याकडून, आखाताचे तिकीट नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडून, गावाकडच्या माणसाचे तिकीट मालेगाव, नांदेड किंवा मोहम्मद अली रोडवरच्या ट्रॅव्हलवाल्याकडून. व्हॉट्सअॅपवर पासपोर्टचा तिरका फोटो पाठवायचा आणि 'भाई, तिकीट काढून ठेव' म्हणायचे, ही आपली रीत. नाव टाइप करणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, प्रवास करणारा वेगळा. तिकीट हातात येते ते निघायच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत 24 तास केव्हाच उलटलेले असतात, आणि नसते उलटले तरी सवलत लागू नाही. ज्याला इंग्रजी येते, कार्ड आहे, वेबसाइट वापरता येते, त्याची चूक फुकट दुरुस्त होते. ज्याला यातले काहीच येत नाही म्हणून तो एजंटकडे जातो, त्याने मात्र पैसे भरायचे. हा उलटा न्याय झाला.

आणि गंमत पाहा. रद्द तिकिटाच्या परतफेडीच्या बाबतीत हेच महासंचालनालय सांगते की तिकीट एजंटकडून घेतले असले तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हे कंपनीने नेमलेले प्रतिनिधी आहेत. परतफेडीला एजंट कंपनीचा माणूस, मग नाव दुरुस्तीला तो परका कसा? आमच्या मते 24 तासांची सवलत एजंटकडच्या तिकिटालाही मिळायला हवी, आणि ते 24 तास तिकीट प्रवाशाच्या हातात पडल्यापासून मोजायला हवेत. आपल्या भागातले खासदार संसदेत प्रश्न विचारतात. हज आणि उमराहच्या मोसमात मोठमोठी होर्डिंग लावतात. हा प्रश्न विचारायला एक पानही लागणार नाही.

तोपर्यंत आपण काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे कशाला घाबरायचे नाही हे ओळखणे. बुकिंगच्या संगणकात नावातले अंतर बरेचदा गळून पडते, त्यामुळे 'मोहम्मदझैद' असे जोडून छापलेले येते. कधी नावाच्या शेवटी एम-आर किंवा एम-आर-एस चिकटलेले दिसते. ते मिस्टर-मिसेस आहे, नाव बदललेले नाही. आडनाव आधी आणि नाव नंतर छापले जाते, तेही बरोबर. यातल्या कशासाठीही एजंटने पैसे मागितले तर देऊ नका.

खरी चूक वेगळी असते. पासपोर्टवर ए-आय आणि तिकिटावर ई-आय, पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण आणि तिकिटावर एम-डी, पासपोर्टवर लग्नाआधीचे नाव आणि तिकिटावर सासरचे. एक-दोन अक्षरांची चूक बहुतेक कंपन्या आपापल्या नियमाने दुरुस्त करून देतात, पण आडनावच वेगळे असेल तर ते दुसऱ्या माणसाचे तिकीट समजले जाते, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

सासरच्या नावाबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. निकाहानंतर मुलीने बापाचे नाव सोडावे असे शरीयतमध्ये कुठेही सांगितलेले नाही. आडनाव बदलणे ही इथली चाल आहे, आपण ती उचलली. पासपोर्टचा कायदाही लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती करत नाही. मग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असा गुंता हौसेने कशाला ओढवून घ्यायचा? ज्या मुलीने नाव बदलले नाही तिला काउंटरवर कोणी अडवत नाही. अर्धवट बदललेल्या नावाची मुलगी अडते. ज्यांना बदलायचेच आहे त्यांनी क्रम पाळावा. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. तिकीट काढून झाल्यावर पासपोर्ट बदलला तर तिन्ही कागद एकमेकांना अनोळखी होतात.

आडनावाचा रकाना कोरा असेल तर काय, हा प्रश्न सर्वात जास्त येतो. प्रत्येक विमान कंपनी वेगळे सांगते. कोणी म्हणते तेच नाव दोनदा लिहा, कोणी म्हणते नावाच्या जागी एफएनयू लिहा, म्हणजे 'पहिले नाव माहीत नाही'. अमेरिकेच्या व्हिसावरही एकच नाव असलेल्याच्या पहिल्या नावात हीच तीन अक्षरे छापतात. शिकायला गेलेल्या मुलांच्या कॉलेजच्या कागदावर, लायसन्सवर तेच उतरते आणि आई-बापाने हौसेने ठेवलेले नाव बाजूला राहून पोरगा सगळीकडे 'फ्नू' होतो. हे टाळायचे तर पासपोर्ट नव्याने काढून दोन्ही रकाने भरून घेणे हाच पक्का उपाय. मोठ्या माणसाच्या 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये आहे. काउंटरवरून परत आलेल्या एका तिकिटापुढे हे काहीच नाही. फक्त आधार, पॅन आणि दाखल्यावरचे नाव आधी एकसारखे करून घ्यावे लागते, आणि खरा वेळ त्यातच जातो.

नव्या पिढीचे काय? महाराष्ट्र सरकारने मार्च 2024 मध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शैक्षणिक आणि महसुली कागदांवर आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहायचे. आईचे नाव आले ही चांगली गोष्ट आहे, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण हेच लांब नाव पासपोर्टवर जसेच्या तसे नेले तर काय होईल ते मोजून पाहा. बाळ मोहम्मद झैद, आई रुखसाना, वडील अब्दुल रहमान, आडनाव काझी. इंग्रजीत काझीची 4 अक्षरे, दोन बाण, मोहम्मदची 8, झैदची 4, रुखसानाची 8, अब्दुलची 5, रहमानची 6, आणि शब्दांमधले 4 बाण. एकूण 41. जागा आहेत 39. रहमानची शेवटची दोन अक्षरे यंत्राच्या ओळीतून गळणार. पासपोर्टच्या नावात काय घ्यायचे आणि काय शेवटच्या पानावर आई-वडिलांच्या रकान्यात राहू द्यायचे, हा विचार पासपोर्टचा अर्ज भरतानाच करावा लागेल.

आता याला जन्मदाखल्याचा नियमही जोडा. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. शाळेच्या दाखल्यावर भागवायचे दिवस गेले. आपल्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो आणि तेव्हा नाव ठरते. दवाखान्यातून जन्माची नोंद मात्र आधीच गेलेली असते, नावाची जागा कोरी ठेवून. ती कोरी जागा बारा महिन्यांच्या आत फुकट भरून मिळते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खिडकीवर जाताना इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून न्या, वडिलांच्या पासपोर्टवर आडनाव जसे आहे तसेच. तिथला कारकून त्याला वाटेल तसे शेख लिहील, आणि अठरा वर्षांनी तेच स्पेलिंग घेऊन पोरगा विमानतळावर उभा असेल.